ट्रान्सफरच्या बोलीवर

रविवारी सकाळी पुण्यात किंवा नाशकात एखाद्या हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये ‘बारावीनंतर थेट अमेरिका’ अशा धर्तीचा मोफत सेमिनार भरतो. चहा-बिस्किटे असतात, चकचकीत फायली वाटल्या जातात आणि पडद्यावर एक स्लाइड हमखास येते. डावीकडे मागेल त्याला प्रवेश देणारे एखादे कॉलेज, उजवीकडे बर्कली नाहीतर यूसीएलएचे बोधचिन्ह, मध्ये जाड बाण आणि बाणावर ‘२ + २’. बारावीला अपेक्षेइतके पडले नाहीत, सॅट जेमतेम झाली, नावाजलेल्या विद्यापीठांकडून नकार आला, तरी बिघडले नाही. दोन वर्षे इथे काढायची, मग तिकडे ट्रान्सफर. पदवीवर नाव मोठ्या विद्यापीठाचेच. मागच्या रांगेतले गृहस्थ उठून त्या स्लाइडचा फोटो काढतात. संध्याकाळी घरी हिशेब मांडला जातो आणि फ्लॅट तारण ठेवायचा की गावाकडची जमीन, यावर बोलणे सुरू होते. त्या बाणाच्या टोकाला जागा किती, हे हॉलमध्ये कोणी विचारलेले नसते आणि कोणी आपणहून सांगितलेलेही नसते.

अमेरिकेत एमएसला जाण्याचा रस्ता मराठी मध्यमवर्गाच्या पायाखालचा झाला आहे. सोसायटीत, नात्यात, ऑफिसात कोणी ना कोणी जाऊन आलेला सापडतो. त्याला चार प्रश्न विचारले की खरे-खोटे कळते. बारावीनंतर थेट पदवीसाठी जाणाऱ्यांचे तसे नाही. ‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते; त्यांत पदवीचे विद्यार्थी अवघे ३६,०५३. म्हणजे नऊजणांमागे एक. हा रस्ता आपल्याला नवा आहे आणि विचारायला घरचे माणूस नाही. ती जागा सल्लागारांनी भरून काढली. त्यांतले काही प्रामाणिक आहेत, पण बाण सगळ्यांच्याच स्लाइडवर असतो.

या बाणावर आपला विश्वास चटकन बसतो, याला आपल्याकडची प्रवेशपद्धती कारणीभूत आहे. महाराष्ट्रातल्या पालकाचे मन सीईटी सेलच्या कॅप राउंडवर घडलेले आहे. एक गुणवत्ता यादी, प्रत्येकाचा मेरिट नंबर, गेल्या वर्षीचा कटऑफ. पहिल्या फेरीत मिळाले ते हातात ठेवायचे आणि बेटरमेंटला जायचे. वरचा कोणी आयआयटीला गेला की त्याची जागा मोकळी होते आणि यादी आपोआप सरकते. त्या पालकाला अमेरिकेतली ट्रान्सफर म्हणजे दोन वर्षे उशिराने होणारा बेटरमेंट राउंडच वाटतो. पोराने तिथे ३.८ जीपीए काढला की नंबर वर जाईल, असे तो धरून चालतो. पण तिथे यादीच नाही, मग नंबर कुठला? कटऑफ नाही, फेऱ्या नाहीत, आणि ४.० जीपीए असलेल्याला नकार देताना कारण सांगण्याचे बंधनही कोणावर नाही.

तेव्हा मुलाला ट्रान्सफर मिळण्याची शक्यता किती, हे पाहायचे तर त्याच्या गुणांपासून सुरुवात करून भागत नाही. सुरुवात जागांपासून करावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात जागा दोनच कारणांनी निर्माण होतात. एक तर आधीचे विद्यार्थी सोडून जातात, किंवा मग विद्यापीठाने किंवा राज्याने धोरण म्हणून त्या राखून ठेवलेल्या असतात. तिसरे कारण नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी पहिल्या वर्षानंतर परत येणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सत्त्याण्णव ते नव्व्याण्णव असते. जिथून कोणी हलतच नाही तिथे जागा होणार कुठून? येल स्वतःच सांगते की दरवर्षी हजाराहून अधिक ट्रान्सफर अर्ज येतात आणि जागा असतात वीस ते तीस. हार्वर्डने २००८ मध्ये वसतिगृहात खोल्या नाहीत म्हणून दोन वर्षे ट्रान्सफरचे दारच बंद केले होते. त्या दोन वर्षांत अर्ज करू पाहणाऱ्यांची हुशारी कमी झाली नव्हती, खाटा कमी पडल्या होत्या. प्रिन्स्टनने तर १९९० पासून ट्रान्सफर घेणे थांबवले ते थेट २०१८ मध्ये सुरू केले. त्या वर्षी १,४२९ अर्जांतून प्रवेश देऊ केला तेरा जणांना. त्यातही प्रिन्स्टनचा भर होता तो लष्करात सेवा केलेल्यांवर, सगळ्यांना खुल्या, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून आलेल्यांवर आणि गरीब घरच्या विद्यार्थ्यांवर. कोथरूडच्या उद्योजकाचा मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

सेमिनारमध्ये एक हुकमी दाखला दिला जातो: बराक ओबामा. ते ऑक्सिडेंटल कॉलेजातून १९८१ मध्ये कोलंबियाला गेले, हे खरे आहे. डोनाल्ड ट्रम्पही फोर्डम विद्यापीठात दोन वर्षे काढून १९६६ मध्ये व्हार्टनला गेले. पण हे दाखले साठ आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे आहेत, आणि दोघेही अमेरिकी नागरिक होते. त्यावरून आजच्या जळगावच्या मुलीची शक्यता मोजायची म्हणजे आजोबांच्या पगारावर नातवाने गृहकर्ज मागण्यासारखे आहे.

टक्केवारीचा सापळा याहून फसवा. ‘कॉर्नेलला पहिल्या वर्षासाठी आठ टक्के घेतात, ट्रान्सफरला मात्र त्याच्या जवळपास दुप्पट,’ असे वाक्य तुमच्या कानावर आले असेल. आकडा खोटा नाही. पण तो कोणाचा आहे, ते पाहा. कॉर्नेल दरवर्षी पहिल्या वर्षासाठी नाकारलेल्या काही निवडक विद्यार्थ्यांना सांगते की एक वर्ष दुसरीकडे चांगले गुण मिळव, पुढच्या वर्षी तुझी जागा पक्की. ही मंडळी पुढच्या वर्षी ट्रान्सफरच्या वाटेने येतात. शिवाय कॉर्नेलची शेती, मानवी परिसंस्था, कामगार संबंध यांसारखी काही कॉलेजे न्यूयॉर्क राज्याच्या पैशावर चालतात आणि त्या राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांशी त्यांचे आधीपासून करार आहेत. ज्यांना आधीच शब्द दिलेला आहे आणि ज्यांच्यासाठी करार आहे, ते वजा केल्यावर बाहेरून, ओळखीपाळखीविना, परदेशी पासपोर्टवर येणाऱ्या मुलासाठी किती उरते ते मोजा. ती टक्केवारी कोणी छापत नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचेही तेच: दरवर्षी हजारावर ट्रान्सफर विद्यार्थी घेते, पण त्यांतला मोठा हिस्सा तिथल्याच कम्युनिटी कॉलेजांतून येतो.

हे आकडे गुप्त नाहीत. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक तक्ता प्रसिद्ध करतात. त्याच्या ‘डी’ विभागात ट्रान्सफरचे अर्ज किती आले, किती जणांना प्रवेश देऊ केला आणि किती जण दाखल झाले, असे तीन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. ‘बी’ विभागात पहिल्या वर्षानंतर किती विद्यार्थी टिकले तेही असते. पाच मिनिटांचे काम आहे. आपल्याकडे चाळीस हजारांचा मोबाइल घेताना लोक चार संकेतस्थळे चाळतात, आणि चाळीस-पन्नास लाखांच्या निर्णयात हा एक तक्ता उघडून पाहिलेला नसतो. विद्यापीठाचे नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ एवढे शोधले तरी तो समोर येतो. तेवढे करूनही तो सापडत नसेल, तर त्या विद्यापीठाबद्दल जरा जपूनच राहावे.

आता ज्या एका ठिकाणी बाण खरोखर आहे, त्याविषयी. कॅलिफोर्निया. १९६० च्या मास्टर प्लॅनने त्या राज्याने एक रचना उभी केली. शालेय गुणवत्तेत वरचा अष्टमांश विद्यार्थी कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरचा तृतीयांश राज्य विद्यापीठांत, आणि कम्युनिटी कॉलेजे सगळ्यांना खुली. मात्र कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे नीट अभ्यास केलेल्याला वरच्या विद्यापीठात जाता आले पाहिजे, हे त्या योजनेचे मर्म होते. म्हणून तिथे ट्रान्सफरच्या जागा उरल्यासुरल्या नसतात, राखलेल्या असतात. पहिल्या वर्षाला दोन नवे विद्यार्थी घेतले तर ट्रान्सफरने एक, असे ढोबळ प्रमाण पाळले जाते. राज्यातली ११६ कम्युनिटी कॉलेजे हा त्या जागांचा मुख्य झरा. कॅलिफोर्निया विद्यापीठात येणाऱ्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक तिथूनच येतात. अभ्यासक्रमातला कोणता विषय कुठे कशाच्या बदल्यात धरला जाईल, हे राज्याच्या ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर कॉलेजवार, विषयवार दिलेले आहे. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा कॅम्पसांशी तर ‘टॅग’ नावाची लेखी हमी मिळते: ठरलेले विषय, ठरलेला जीपीए, सप्टेंबरात अर्ज, मग जागा पक्की.

स्लाइडवर ज्यांची बोधचिन्हे असतात ती नावे या सहांत नाहीत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. बर्कली, यूसीएलए आणि सॅन दिएगो अशी हमी देत नाहीत. हमी देणाऱ्या कॅम्पसांतही काही ठिकाणी इंजिनिअरिंग किंवा संगणकशास्त्र त्यातून वगळलेले असते. आणि आपल्या मुलांना हवे असते नेमके तेच. यूसीएलए ट्रान्सफर अर्जदारांतल्या साधारण चौघांपैकी एकाला घेते, हा आकडा सांगून लोकांना भुलवले जाते. संगणकशास्त्रात तेच प्रमाण एकेरी टक्क्यांवर येते आणि निवडलेल्यांचा जीपीए चारच्या आसपास असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ हे आकडे प्रत्येक कॅम्पसच्या प्रत्येक विषयासाठी वेगळे प्रसिद्ध करते. इतिहासाला किती, अर्थशास्त्राला किती, कॉम्प्युटरला किती. ज्याने हे विषयवार पान न दाखवता विद्यापीठाची सरासरी दाखवली, त्याने माहिती दिली नाही, माल विकला.

त्यात आणखी एक मेख आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ दुसऱ्या राज्यातल्या चार वर्षांच्या विद्यापीठातून येणाऱ्याला जवळजवळ शेवटच्या रांगेत उभे करते. म्हणजे अॅरिझोनात किंवा टेक्ससमध्ये वर्षभर राहून ‘मग बर्कलीला टाकू’ असे म्हणणाऱ्याने चुकीच्या फलाटावर सामान मांडले आहे. आणि ज्याला तिथे प्रवेश मिळाला, त्याच्या घरी आनंदाबरोबर फीचे बिलही येते. २०२५ मध्ये नव्याने आलेल्या बिगर-कॅलिफोर्नियाच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३७,६०२ डॉलर जादा मोजावे लागतात. नुसती जादा रक्कमच तीस लाख रुपयांच्या पुढे जाते. राहणे-जेवणे वेगळे.

इथे एक विसंगती नोंदवायला हवी. फ्रीमॉंट, सनीव्हेल, क्युपर्टिनो इथे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांच्या मुलांसाठी हा रस्ता सोन्यासारखा आहे. राज्यातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटचे ४६ डॉलर पडतात. ट्रान्सफरला लागणारी साठ युनिटे २,७६० डॉलरमध्ये होतात. क्युपर्टिनोचे डी अँझा कॉलेज तर कित्येकांच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. शेवटी पदवी कॅलिफोर्निया विद्यापीठाचीच मिळते. पण महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ‘मुलगी कुठे जाते?’ या प्रश्नाला ‘कम्युनिटी कॉलेज’ असे उत्तर द्यायला तिथल्या आईबापांची जीभ रेटत नाही. ज्यांच्यासाठी ही वाट सरकारने बांधली ते लाजेने तिच्याकडे पाठ फिरवतात, आणि ज्यांच्यासाठी ती बांधलेली नाही त्यांना ती पुण्यात पैसे घेऊन विकली जाते. कोणाच्या तरी प्रतिष्ठेचा आणि कोणाच्या तरी धंद्याचा हा मेळ आहे, यापलीकडे त्याला अर्थ नाही.

आणि खुद्द अमेरिकेतही या बाणाचे काय होते? नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस आणि कोलंबिया विद्यापीठातले कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्र यांची पाहणी सांगते की कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थी पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात पोहोचतात, त्यांतल्या निम्म्यांना पदवी मिळते. शंभरातले सोळा, तेही सहा वर्षांत. या शंभरांत ऐंशीजणांना सुरुवातीला पदवीच हवी असते. आपली मुले पूर्ण वेळ शिकतात, घरून पैसा जातो, म्हणून त्यांचे प्रमाण याहून बरे असणार हे मान्य. तरीही मधली गळती कुठे होते ते पाहण्यासारखे आहे, कारण ती गळती आपल्यालाही लागू पडते.

गळतीचे मोठे भोक म्हणजे क्रेडिट. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ च्या अहवालात अंदाज दिला की कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जातात. सरकारी कॉलेजातून सरकारी कॉलेजात गेले तरी ३७ टक्के. याचा अर्थ घरच्या भाषेत असा, की शिकून झालेला, फी भरून झालेला विषय नव्या कॉलेजात पुन्हा फी भरून शिकायचा. चार वर्षांचा हिशेब पाचवर जातो. त्या पाचव्या वर्षाचा खर्च बँकेने मंजूर केलेल्या कर्जात धरलेला नसतो. कर्ज तर आधीच्याच कॉलेजच्या आणि अभ्यासक्रमाच्या नावाने मंजूर झालेले असते, कागदपत्रे पुन्हा, तारणाची चौकशी पुन्हा. पहिल्या कॉलेजने गुणवत्तेसाठी दिलेली फीसवलत सोडून जाणाऱ्याबरोबर जात नाही, हेही पुष्कळांना विमानात बसल्यावर कळते. अनेक विद्यापीठे परदेशी ट्रान्सफर विद्यार्थ्याला आर्थिक मदत देत नाहीत किंवा देतात ती तुटपुंजी असते. मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते अशीही ठिकाणे आहेत. प्रवेश मिळणे आणि तिथे जाणे परवडणे, या दोन वेगळ्या शक्यता आहेत. त्यांचा गुणाकार करायचा असतो; आपण फक्त पहिली पाहतो.

मुलाच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. बारावीचे गुण ट्रान्सफरमध्ये पुसले जातात, असे सर्रास सांगितले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठ तिसऱ्या वर्षासाठी अर्ज करणाऱ्याच्या शालेय गुणांकडे पाहत नाही, हे खरे. पण बहुतेक खासगी विद्यापीठांचे अर्ज मार्चमध्ये मिटतात. पहिल्याच वर्षी ट्रान्सफर मागणाऱ्याकडे त्या वेळी कॉलेजचे गुण असतात ते एका सत्राचे. मग प्रवेश समिती काय पाहणार? बारावीच पाहणार. वर्षापूर्वी ज्या गुणपत्रिकेवर नकार आला तीच गुणपत्रिका, अधिक चार विषयांच्या ग्रेड. त्यावर निकाल फार बदलेल असे कोणत्या हिशेबाने म्हणायचे? दोन वर्षे थांबून अर्ज केला तर कॉलेजचे गुण जड होतात. पण मग क्रेडिट जास्त, म्हणून वाया जाणारेही जास्त. आणि हार्वर्डसारखी ठिकाणे दोन वर्षांपेक्षा अधिक शिकलेल्याला घेतच नाहीत.

याशिवाय कॉलेजातल्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. पहिल्या सत्रात तीनशे मुलांच्या व्याख्यानात मागे बसलेल्या, शिकवणाऱ्याच्या ऑफिस अवर्सना कधी न फिरकलेल्या मुलाबद्दल प्राध्यापक काय लिहिणार? इथेच ट्रान्सफरच्या बोलीवर जाणारा मुलगा स्वतःचे नुकसान करून घेतो. आपण इथले नाहीच, या भावनेने तो राहतो. क्लबात जात नाही, प्रयोगशाळेत काम मागत नाही, मित्र करत नाही. पहिल्या दिवसापासून त्याची बॅग भरलेली असते. मग अर्जात दाखवायला काही उरत नाही. ‘कॉलेज का सोडता?’ या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर असते, की तुमचे रँकिंग वरचे आहे. हे उत्तर समितीपुढे हजारोंनी येते. आपल्या कॉलेजात हवा तो विषय पुढे शिकवतच नाहीत, अमुक शाखेचे वरचे अभ्यासक्रम नाहीत, असे खरे आणि तपासता येणारे कारण असणाऱ्याचे पारडे जड होते. तसे कारण अर्थातच तिथे मन लावून शिकणाऱ्यालाच सापडते.

व्हिसाचा विषय गेल्या काही काळात निव्वळ कागदी राहिलेला नाही. २२ मे २०२५ रोजी अमेरिकी सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी ठेवण्याचा परवाना रद्द करत असल्याचे जाहीर केले आणि तिथे शिकत असलेल्यांना दुसरीकडे ट्रान्सफर घ्या नाहीतर कायदेशीर दर्जा गमवा, असे बजावले. न्यायालयाने लगेच स्थगिती दिली. पण ते मधले दिवस ज्या घरांनी काढले त्यांना विचारा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या गृहसुरक्षा विभागाने परदेशी विद्यार्थ्यांच्या मुक्कामाला ठरावीक मुदत घालण्याचा प्रस्ताव मांडला. पदवीच्या विद्यार्थ्याने पहिले शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत कॉलेज बदलू नये, अशीही तरतूद त्यात सुचवली होती. अशा धोरणांच्या काळात ‘आधी जाऊ, मग बदलू’ या योजनेवर घर तारण ठेवणे हा धाडसीपणा नव्हे, बेफिकिरी आहे.

मग हे सगळे उघड असताना बाण विकला कसा जातो? कारण विकणाऱ्याला पैसे कोण देतो, हे पालकाला माहीत नसते. आपण सल्लागाराला फी दिली म्हणजे तो आपला माणूस, अशी आपली समजूत. पुष्कळदा त्याला खरी कमाई कॉलेजकडून मिळणाऱ्या दलालीतून होते: दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे पहिल्या वर्षाच्या फीचा ठरावीक हिस्सा. ही दलाली प्रवेशाच्या वेळी मिळते. दोन वर्षांनी मुलगा बर्कलीला पोहोचला की नाही, याच्याशी तिचा काहीही संबंध नसतो. अमेरिकेत सरकारी विद्यार्थी-मदतीत सहभागी असलेल्या कॉलेजांना आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांच्या भरतीसाठी अशी माणशी दलाली देण्यास केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. त्याच कायद्यात अपवाद ठेवला आहे तो परदेशात राहणाऱ्या, त्या मदतीला पात्र नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या भरतीचा. आपल्या मुलांना दलालांपासून वाचवायचे आणि परक्यांची मुले दलालांमार्फत आणायची, हे त्यांच्या संसदेने शुद्धीवर असताना ठरवलेले आहे. त्याबद्दल त्यांना दोष देऊन उपयोग नाही. आपल्या मुलांची काळजी आपल्या सरकारने घ्यायची असते. रिक्षाचे भाडे आणि दुधाचे फॅट मोजणाऱ्या महाराष्ट्र शासनाने परदेशी प्रवेशाच्या सल्लागारांना निदान एवढे तरी बंधनकारक करावे, की कोणत्या कॉलेजकडून त्यांना दलाली मिळते ते त्यांनी पालकाला करार करताना लेखी द्यावे. परवाने नकोत, इन्स्पेक्टर नकोत. एक कागद पुरे.

ट्रान्सफर वाईट, असे आमचे म्हणणे नाही. डी अँझासारख्या कॉलेजात जाऊन, टॅगची लेखी हमी घेऊन डेव्हिस किंवा अर्व्हाइनला जाणारा परदेशी विद्यार्थी शहाणाच. कारण ही हमी परदेशी विद्यार्थ्यालाही मिळते आणि त्याने जागा आधी मोजलेली असते. आमचा आक्षेप आहे तो न मोजता निघण्याला. मुलाला ऑफर आली असेल तर कॉलेजला डिपॉझिट भरण्याची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते. त्याआधी एक दिवस काढा. ज्या विद्यापीठात ट्रान्सफर हवी त्याच्या कॉमन डेटा सेटचा ‘डी’ विभाग मुलाबरोबर बसून वाचा. कॅलिफोर्नियाचा विचार असेल तर त्या विषयाचे, त्या कॅम्पसचे आकडे काढा आणि ‘असिस्ट’वर विषय जुळतात का ते पाहा. सल्लागाराला लेखी विचारा: या कॉलेजातून त्या विद्यापीठाच्या याच शाखेत मागच्या तीन वर्षांत तुमचे किती विद्यार्थी गेले, त्यांची किती क्रेडिट धरली गेली, आणि या कॉलेजकडून तुम्हाला काय मिळते? मग मुलाला विचारा, की ट्रान्सफर झालीच नाही तर याच कॉलेजची पदवी घेऊन परत यायला तू तयार आहेस का. सल्लागाराने उत्तर टाळले किंवा मुलगा गप्प बसला, तर डिपॉझिट भरू नका.